सेंद्रिय कांदा: सड मानेतून शिरते

सेंद्रिय कांदा करायचं ठरवलं तेव्हा गावात ज्याने त्याने थ्रिप्सचीच, म्हणजे पातीतला रस शोषणाऱ्या बारीक फुलकिड्यांची, भीती घातली. आमच्या निफाडकडे उन्हाळ कांद्यावर फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत फुलकिडे येणार, हे ठरलेलंच. पण ते निदान डोळ्यांना दिसतात. मला खरं छळलं ते सडीने.

पहिल्याच हंगामात काढणीच्या तोंडावर अवकाळी बरसला. कांदा वाळवून चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरला तेव्हा वरून टणक होता, रंगही झकास. पावसाळा लागला आणि चाळीतून आंबूस वास सुटला. एक कांदा उचलून बुडाशी दाबला, तर आतला गाभा मानेतून, म्हणजे गड्डा आणि पात जुळते तिथून, सटकन बाहेर आला, शिजल्यासारखा, बुळबुळीत. वरची पत्ती मात्र जशीच्या तशी! शेजारी म्हणाले, पातीवरचा करपा रोगच असणार. पण करपा बुरशीचा, ही सड जिवाणूंची. पावसाचं पाणी मानेच्या बेचक्यात साचलं की तिथून, नाहीतर पातीच्या जखमेतून, जिवाणू शिरतात आणि पापुद्र्यापापुद्र्याने खाली उतरतात. एकदा आत गेले की वरून काहीही मारा, पोचत नाही. काही जण स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक मारतात. सेंद्रिय प्रमाणपत्रात प्रतिजैविकाला जागाच नाही, आणि ते मारूनही सडलेल्या चाळी मी पाहिल्या आहेत.

तेव्हापासून माझं सगळं लक्ष मानेवर. थ्रिप्सही तिथेच, मधल्या पातीच्या बेचक्यात दडून बसतात, पात खरवडतात आणि रोगाला वाट करून देतात. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची शिफारस आहे, तसा लागवडीआधी महिनाभर कडेने बाहेर मका आणि आत गहू पेरतो. वाऱ्यावर येणारे बरेचसे तिथेच अडतात. मग 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळी, तोही संध्याकाळी, कारण उन्हात त्याचा जोर उतरतो. पात मेणचट असते, म्हणून रिठ्याचं पाणी मिसळतो आणि नोझल थेट बेचक्यात धरतो. निळे चिकट सापळेही लावले. थ्रिप्स आले एवढं त्यांनी कळतं, कमी होतात म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

तुषार सिंचनाच्या फवाऱ्याने थ्रिप्स चांगले धुऊन निघतात, पण कांदा पोसायला लागल्यावर मी तुषार बंद करून ठिबकवर येतो. मानेत पाणी नको. जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं खत, तेही उशिरापर्यंत देत नाही. नत्र लांबलं की मान जाड राहते आणि जाड मान वाळता वाळत नाही.

काढणीआधी दोन आठवडे पाणी तोडतो आणि निम्म्या माना पडल्यावरच कांदा उपटतो. आण्णांना ही वाट बघणं पटत नाही, भाव पडायच्या आत माल निघावा असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही खोटं नाही. उपटलेला कांदा तीन-चार दिवस शेतातच, एकाच्या पातीखाली दुसऱ्याचा गड्डा झाकेल असा पसरतो. मग एक-दीड इंच मान ठेवून पात कापायची आणि पुन्हा सावलीत सुकवायचं. मजुरांना घाई असते, ते गड्ड्यालगत कापतात. तसा उघडा कांदा चाळीत जाऊ देत नाही, लगेच विकतो.

चाळीत थर चार-पाच फुटांच्या वर चढवत नाही, खालूनही हवा खेळती हवी. तरी थोडी सड होतेच. पावसाळ्यात निवड करताना निघालेले सडके कांदे उकिरड्यावर टाकत नाही, कारण ते खत पुन्हा कांद्यालाच जाणार. शेताबाहेर खड्डा करून पुरतो.