किल्ली फिरवली की नाहीसा होणारा दोष

फेब्रुवारी 2025 मधील एका संध्याकाळी बडोद्यात सूरसागरकडून दांडिया बाजारात वळत असताना आमच्या गाडीचे स्टिअरिंग अचानक जड झाले. समोरच्या पट्टीवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागला होता. गाडी चालवत असलेल्या सौभाग्यवतींनी दोन्ही हातांनी जोर लावून ती कशीबशी कडेला घेतली. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले, तर दिवा गेला आणि स्टिअरिंगचे चाक पूर्वीसारखे एका बोटाने फिरू लागले. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘अहो, माझंच काही चुकलं असेल का?’’ पुढचे पाच महिने सर्व्हिस सेंटरमधल्या लोकांनी आम्हाला हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला.

हल्लीच्या लहान गाड्यांमध्ये बहुधा विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग असते. जुन्या पद्धतीत इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलाच्या दाबाने मदत करीत असे. तेल गळले की जमिनीवर डाग दिसे आणि पंप कुरकुरला की कानाला कळे. नव्या पद्धतीत स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक पिळदार सळई असते. आपण चाक फिरवले की ती किंचित पिळते, तो पीळ टॉर्क सेन्सर मोजतो आणि त्यानुसार नियंत्रक मोटरला वीज देतो. सेन्सरच्या संकेतांत विसंगती आढळली किंवा विजेचा दाब फार उतरला, तर चुकीच्या दिशेने जोर लावण्यापेक्षा मदतच थांबवावी, अशी या यंत्रणेची रचना असते. गाडीच्या चाकांशी यांत्रिक जोड कायम राहतो, त्यामुळे गाडी वळते, पण हाताने ओढून वळवावी लागते. सरळ महामार्गावर हा फरक कमी जाणवतो. मांडवीच्या गर्दीत, निम्म्या वळणावर असताना मदत गेली तर मात्र अंगावर काटा येतो.

किल्ली बंद करून पुन्हा फिरवली की ही यंत्रणा स्वतःची तपासणी नव्याने करते आणि त्या क्षणी सारे ठीक असेल तर निमूटपणे कामाला लागते. म्हणूनच सर्व्हिस सेंटरच्या दारात पोहोचेपर्यंत गाडी निर्दोष झालेली असे. पहिल्या खेपेस त्यांनी स्कॅनर लावला, सॉफ्टवेअर ताजे केले आणि गाडी धुऊन परत दिली. दुसऱ्या खेपेस टायरमधील हवा तपासली. तिसऱ्या खेपेनंतर मी घरी तिन्ही जॉबकार्डे, म्हणजे तक्रार आणि कामाची नोंद असलेले कागद, समोर मांडली, तेव्हा ध्यानात आले की त्यांपैकी दोनांवर स्टिअरिंग हा शब्दच नव्हता. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिले होते आणि मी खाली सही ठोकली होती. कागदोपत्री आमच्या गाडीला हा आजार एकदाच झाला होता.

मधल्या काळात मकरपुऱ्यातील एका ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे गेलो. ‘‘पहेलां बॅटरी जुओ, साहेब,’’ असे म्हणत त्याने बॅटरीचा दाब मोजला, अर्थिंगची सैल तार घासून आवळली आणि त्याचे फारच थोडे पैसे घेतले. त्याचे म्हणणे रास्त होते, कारण उभ्या गाडीचे चाक वळवताना ही मोटर भरपूर वीज ओढते आणि अशक्त बॅटरी किंवा गंजलेला जोड असेल तर तिथेच घात होतो. महिनाभर गाडी नीट चालली, पण एप्रिलच्या उन्हात दिवा पुन्हा लागला.

चौथ्या खेपेस आम्ही दिवा आणि जड झालेले चाक यांचे मोबाइलवर केलेले चित्रण घेऊन गेलो आणि तारीख, ठिकाण, अंदाजे वेग ही सारी तक्रार जॉबकार्डावर माझ्याच शब्दांत लिहून घेतली. या वेळी स्कॅनरने नियंत्रकात साठवलेला टॉर्क सेन्सरच्या बिघाडाचा कोड दाखवला. सेन्सर सुटा मिळत नाही, पूर्ण कॉलम, म्हणजे स्टिअरिंगचा दांडाच, बदलावा लागेल, असे सांगण्यात आले. वाढीव वॉरंटी शिल्लक होती. पण लगेच नवा मुद्दा निघाला की ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्री नदीच्या पुरात गाडीत पाणी शिरले असावे. शहरातील असंख्य गाड्या तेव्हा बुडाल्या होत्या, त्यामुळे शंका अगदीच निराधार नव्हती. आमची गाडी मात्र त्या आठवड्यात नाशिकला होती. करजणजवळच्या भरथाणा टोलनाक्यावरील जाण्या-येण्याच्या फास्टॅगच्या नोंदी छापून मी टेबलावर ठेवल्या, तेव्हा कुठे तो विषय संपला. फास्टॅगचा असा उपयोग होईल, हे तो काचेवर चिकटवताना स्वप्नातही आले नव्हते.

एकाच्या गाडीतील दोष योगायोग म्हणून झटकता येतो, शेकडो नोंदी झटकता येत नाहीत. अमेरिकेत 2010 साली हजाराहून अधिक तक्रारींनंतर सरकारी यंत्रणेने चौकशी सुरू केली आणि जनरल मोटर्सने शेव्हरोले कोबाल्टसह काही मॉडेलांच्या सुमारे 10.5 लाख गाड्या पॉवर स्टिअरिंगच्या मोटरसाठी परत बोलावल्या. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने रिकॉलची, म्हणजे सदोष गाड्या अशा परत बोलावण्याची, तरतूद आली आणि 1 एप्रिल 2021 पासून तिचे नियम लागू झाले. सात वर्षांपेक्षा जुनी नसलेल्या वाहनाचा मालक सरकारी पोर्टलवर सुरक्षेशी संबंधित दोष नोंदवू शकतो. विक्रीच्या प्रमाणात ठरावीक तक्रारी जमल्यावर कंपनीला रिकॉलचा आदेश देता येतो, तसेच 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. मी तिथे तक्रार नोंदवली आहे. भरपाईसाठी वाट वेगळी आहे. ग्राहक आयोगाकडे साधारणपणे दोन वर्षांच्या आत जावे लागते आणि तिथेही पहिला प्रश्न जॉबकार्डांचाच येतो.

जुलैत कॉलम बदलून मिळाला. सुटा भाग त्यांचा, मजुरी माझी, अशी तडजोड झाली. गाडी ताब्यात घेताना जॉबकार्डावर ‘कॉलम असेंब्ली बदलली’ असे लिहिले होते आणि त्यापुढील कारणाचा रकाना मोकळा होता. तो भरल्याशिवाय सही करणार नाही, असे मी सांगितले. अ‍ॅडव्हायझर आत जाऊन साहेबांशी बोलून आला आणि पंधरा मिनिटांनी त्याने ‘टॉर्क सेन्सरचा सदोष संकेत’ असे लिहून दिले.