पहाटे साडेचारची हॉकी

मार्च आला की आमच्या रत्नागिरीत आंब्याच्या पेट्या भरायची गडबड आणि माझी पहाटे साडेचारला उठायची, कारण भाचा बॉस्टनला शिकायला गेला तेव्हापासून हॉकी ईस्ट, म्हणजे तिकडच्या कॉलेजांच्या बर्फावरच्या हॉकी लीगच्या प्लेऑफचं (शेवटच्या बाद फेऱ्यांचं) जाम वेड लागलंय. सेमीफायनल, फायनल बॉस्टनच्या टीडी गार्डन स्टेडियमला, हरलात की घरी, जिंकणाऱ्याला थेट एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत एंट्री, त्यामुळे सीझनभर मागे पडलेली टीमपण जीव तोडून खेळते.

मला सगळ्यात आवडतो तो बरोबरी झाल्यावरचा ओव्हरटाइम. शूटआउट नाही, वीस-वीस मिनिटं खेळत राहायचं, पहिला गोल पडला की संपलं. २०१५ मधे मॅसॅच्युसेट्स आणि नोटर डेमची पहिल्या फेरीतली मॅच पाचव्या ओव्हरटाइमला गेली, १५१ मिनिटं ४२ सेकंद!! मॅसॅच्युसेट्स ४-३ ने जिंकली. काय झालं असेल त्या पोरांच्या पायांचं.

परवा आईपण उठून बसली शेजारी. पक (बॉलऐवजी असते ती रबराची चकती) आधी गोठवून ठेवतात, नाहीतर रबर बर्फावर उसळतं, असं सांगितलं तर म्हणाली, "अरे, म्हणजे दगडच की, आणि तो गोलकीपर अंगावर घेतोय रे!" मग चहा गार होईपर्यंत एकटक त्या गोलकीपरकडेच बघत होती, बाहेर मिरकरवाड्याकडून बोटींचा आवाज सुरू झालेला.