पासबुकाच्या एका संगणकाने घेतलेले साडेचार महिने

आमच्या पतसंस्थेतील पाच संगणक नव्या विंडोजवर नेण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा महिन्याभरात ते उरकेल असे मी संचालक मंडळाला सांगितले होते. प्रत्यक्षात साडेचार महिने लागले.

चार संगणकांवर विंडोज १० होते आणि त्याचा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून नेहमी मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ती चारही यंत्रे दोन रविवारांत विंडोज ११ वर गेली. त्यांतील एक अपात्र दाखवत होते, पण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय बंद होती एवढेच कारण निघाले. म्हणून नवे यंत्र घेण्यापूर्वी ही सेटिंग अवश्य पाहावी.

अडले ते पासबुक छापणाऱ्या पाचव्या संगणकावर. त्यावर विंडोज ७ होते, म्हणजे १४ जानेवारी २०२० रोजीच नेहमीचा सपोर्ट संपलेले. सॉफ्टवेअर पुरवठादाराला फोन केला, तर उत्तर आले, “साहेब, चालतंय ना, मग हात कशाला लावता?” तीन आठवड्यांनी त्यांचा माणूस आला. त्याने नव्या संगणकावर छपाईचा प्रोग्रॅम उघडताच तो या पीसीवर चालू शकत नाही, असा संदेश पडद्यावर आला. तो प्रोग्रॅम जुना १६ बिटचा होता आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्येच येते, ज्यात १६ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत, त्यामुळे तो तेथे चालणे शक्यच नव्हते. यावर त्याने सुचवलेला उपाय म्हणजे नव्या यंत्रावर विंडोज ७ टाकणे! सभासदांच्या ठेवींचा हिशेब ज्यांच्या भरवशावर आहे, त्यांनी असे सुचवावे याचा मला आजही संताप येतो.

“त्या संगणकाला इंटरनेटच नाही, मग भीती कसली?” असे आमच्या व्यवस्थापकांचे म्हणणे होते. परंतु तो इतर चार संगणकांच्याच स्विचला, म्हणजे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीला, जोडलेला होता. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर पसरले ते फाइल शेअरिंगच्या एका दोषातून, एका यंत्रातून शेजारच्या यंत्रात शिरत. त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण अनेकांनी ती बसवली नव्हती; सपोर्ट २०१४ मध्येच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठी तर ती सर्वांना मिळाली हल्ल्यानंतरच. शिवाय नव्या आवृत्तीसाठी दुरुस्ती आली, की तीच वाचून जुन्या आवृत्तीतला उघडा दोष हल्लेखोरांना शोधता येतो. अँटीव्हायरसने ते भोक बुजत नाही.

म्हणून मी त्या संगणकाची केबल काढली. रोज संध्याकाळी नोंदी वेगळ्या राखून ठेवलेल्या, तपासलेल्या पेनड्राइव्हवरून नेऊ लागलो. त्याच दिवशीची नोंद पासबुकात मिळेना, म्हणून खिडकीवर सभासदांची बोलणी खावी लागली.

प्रोग्रॅम कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे पुरवठादाराला फोनवर विचारण्यात मी सहा आठवडे घालवले. ते पहिल्याच दिवशी लेखी विचारायला हवे होते. अध्यक्षांच्या सहीचे पत्र गेल्यावर दहा दिवसांत छपाईचा नवा प्रोग्रॅम आला. त्यात शिल्लक रकमेचा आकडा पासबुकाच्या घडीवर छापला जाई. ओळी जुळेपर्यंत अकरा पासबुके वाया गेली. चाचणीसाठी कोरा कागद त्याच मापाने कापून घ्यावा, हे नंतर सुचले.

काम सुरू करण्याआधी बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा, हे वरच सांगायला हवे होते. आणखी एक गोष्ट म्हणजे विंडोज ११ होम आणि प्रोच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीचा सपोर्टही २४ महिन्यांचाच असतो, म्हणून ‘विनव्हर’ या आज्ञेने आवृत्ती पाहून ती तारीख मी आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो.

त्या पुरवठादाराशी पुढील वर्षाच्या देखभाल कराराची बोलणी चालू आहेत. विंडोजच्या सपोर्टची मुदत संपण्याच्या सहा महिने आधी पर्याय देण्याची अट करारात येईपर्यंत, त्यांच्या धनादेशाची शिफारस मी करणार नाही.