गच्चीवर वाकालिवूड: आधी निवेदक ठरवा, मग प्रोजेक्टर

युगांडातल्या व्हिडिओ हॉलमध्ये सिनेमा नुसता लावत नाहीत, तो बोलून दाखवतात. माईक घेऊन बसलेला व्हिडिओ जोकर, म्हणजे व्हीजे, परदेशी सिनेमाचे संवाद लुगांडा भाषेत सांगतो, मध्येच आपली भर घालतो, हिरोला सावध करतो आणि व्हिलनची हजेरी घेतो. ‘हू किल्ड कॅप्टन अ‍ॅलेक्स?’ हा २०१० सालचा मारधाडपट याच सवयीच्या प्रेक्षकांसाठी बनला आहे. युगांडाची राजधानी कंपालाच्या वाकालिगा वस्तीत (तिथल्या सिनेमांना म्हणूनच वाकालिवूड म्हणतात) आयझॅक नबवाना यांनी तो दोनशे डॉलरच्या आत केला असं सांगितलं जातं. यूट्यूबवर तो त्यांच्याच चॅनलवर फुकट बघता येतो, वर व्हीजे एमी यांचं इंग्रजी निवेदनही आहे. एकट्याने हेडफोन लावून पाहिलात तर अर्धाच सिनेमा हाती लागेल. सहा ते दहा जण हवेत, आणि त्यातला एक तरी न लाजता माईक धरणारा.

पण आधी चित्राचं बघू, कारण खर्च तिथेच चुकतो. पुढच्या सिनेमासाठी कॉम्प्युटरवर जागा हवी म्हणून नबवानांनी या सिनेमाच्या मूळ फाइल्स पुसून टाकल्या होत्या. आज मिळते ती डीव्हीडीसाठी दाबून लहान केलेली प्रत. ती १२० इंचांवर ताणली की चेहऱ्यांचे चौकोन होतात. ७० ते ८० इंच पुरे, आणि पहिली रांग पडद्यापासून तीन मीटर मागे. चार-सहा जणच असाल तर हॉलमधला ४३ इंची टीव्ही उत्तम, प्रोजेक्टर भाड्याने आणूच नका. आणायचाच असेल तर खोक्यावर छापलेले हजारोंचे ल्युमेन, म्हणजे उजेडाचे आकडे, सोडून द्या आणि ठरलेल्या पद्धतीने मोजलेल्या अ‍ॅन्सी ल्युमेनचा आकडा विचारा. २०० अ‍ॅन्सीवर ८० इंच नीट दिसतं, पण गच्चीवरचा टाकीजवळचा दिवा बंद असेल तरच.

पडद्याला पांढरी सुती चादर दुहेरी करून घ्या. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत खाडीकडून वारा आला की चादर फुगते आणि चित्राला पोट सुटतं. खालच्या दुमडीत पीव्हीसी पाइप घालून दोन्ही टोकं बांधली की ती सरळ राहते. जिन्याच्या टपाची भिंत पांढरी असेल तर तीच वापरा, चादरीपेक्षा ती कधीही बरी. सिनेमा आधीच ऑफलाइन सेव्ह करून ठेवा. गच्चीवर घरचं वायफाय पोहोचत नाही आणि ऐन हल्ल्याच्या वेळी गोल फिरत बसतं.

आता आवाज, म्हणजे या कार्यक्रमाचा जीव. स्पीकर ब्लूटूथवर जोडू नका. आवाज क्षणभर मागे पडतो आणि लाथ बसून गेल्यावर फटका ऐकू येतो. साधी ऑक्स वायर लावा. गणपतीत वापरतात तो माईकवाला ट्रॉली स्पीकर सगळ्यांत सोयीचा, त्यात माईकचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. एकोचं बटण शून्यावर ठेवा, नाहीतर एक शब्द समजणार नाही. निवेदकाला स्पीकरच्या पुढे बसवलंत तर माईक कुईं करणारच. स्पीकर पुढे, तोंड प्रेक्षकांकडे, आणि निवेदक त्याच्या मागे एका बाजूला. मान वळवून पडदा दिसला की झालं.

पहिल्या वेळी एमींना मध्ये तोडू नका. त्यांचा ताल सगळ्यांच्या कानात बसू दे. तासाभराचाच सिनेमा आहे. मग पाणी-चहा करून सिनेमातल्या टायगर माफिया या गुंडांच्या टोळीवरचा कमांडोंचा हल्ला पुन्हा लावा, आवाज पूर्ण बंद करून, आणि मराठीत बोला. हे करायला ठाणे-नवी मुंबईइतकी तयार माणसं कुठे मिळतील? टेनिस बॉलच्या स्पर्धांत दिवसभर समालोचन करणारी पोरं आहेत, टेंभी नाक्याच्या दहीहंडीचे थर माईकवरून ऐकत वाढलेली माणसं आहेत. तीच पट्टी इथे लागते. माणूस पडल्यावर ‘पडला’ सांगायचं नाही, पडायच्या आधी ‘अरे बाबा, मागे बघ!’ म्हणायचं. निवेदकाने आदल्या दिवशी तो भाग दोनदा पाहून दहा-बारा जागांच्या वेळा कागदावर लिहून ठेवाव्यात. गोळीबार, धावणं, गाडी येणं यावर भरभरून बोलावं, आणि हाणामारी हातघाईवर आली की चार सेकंद गप्प बसावं. तिथे प्रेक्षक ओरडतात, त्यांना जागा हवी. नवखा निवेदक सलग बोलत राहतो आणि पाच मिनिटांत सगळे थकतात.

बघताना वस्तूंकडे नीट लक्ष द्या. बंदुका भंगार आणि लाकडातून घडवलेल्या आहेत, नळीतली आग नंतर कॉम्प्युटरवर घातलेली आहे आणि तो कॉम्प्युटर नबवानांनी सुटे भाग जमवून जोडलेला आहे. पूर्वी विटा पाडून पैसे मिळवणारा हा माणूस, आणि त्याच्या रॅमन फिल्म प्रॉडक्शन्सचं नाव रेचेल आणि मोनिका या दोन आज्यांवरून आलेलं. रक्त म्हणजे खायचा रंग, तो भरायला कंडोम. वस्तीतलीच माणसं पडद्यावर मरायची आणि मग घरोघरी जाऊन त्याच सिनेमाच्या डीव्हीडी विकायची. हे सगळं सिनेमाच्या आधी दोन मिनिटांत सांगून टाका. मग हेलिकॉप्टर आल्यावर जे हसू फुटतं त्यात कौतुक असतं. तेच हसू हवं. नुसतं हिणवायला जमणार असाल तर वाकालिगावाल्यांवर अन्याय होईल.

डिसेंबर-जानेवारीत सातला पुरेसा अंधार होतो, मे महिन्यात पावणेआठपर्यंत थांबावं लागतं. जून ते सप्टेंबर गच्चीचा विषयच नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, म्हणून मराठी फेरी साडेनऊला संपेल असा हिशोब ठेवा. गच्चीसाठी सेक्रेटरींना आणि गोळीबाराच्या आवाजाबद्दल वॉचमनकाकांना व वरच्या मजल्याला आधी सांगा, आणि बास निम्म्यावर आणा, कारण धडाम खाली स्लॅबमधून जातं. वडापाव सुरुवातीलाच वाटून टाका. मध्ये कागदांचा चुरचुराट माईक उचलतो.

दुसऱ्या फेरीनंतर अर्धा तास मोकळा ठेवा. कॅप्टन अ‍ॅलेक्सला कोणी मारलं यावर प्रत्येकाचं मत वेगळं असतं, आणि तो वाद बिनमाईकचाच रंगतो.