गटारीच्या संध्याकाळी आलेला पेशंट

गटारीला कॅज्युअल्टीत काय येणार हे आमच्या वॉर्डबॉयलाही पाठ असतं. गाडीवरून पडलेले, डोकी फुटलेले, मटणाबरोबर जास्त झालेले. सातारा जिल्ह्यातल्या त्या हॉस्पिटलात मी मानसोपचारतज्ज्ञ होते. मला बोलावणं यायचं ते दोन-तीन दिवसांनी, अ‍ॅडमिट झालेल्या एखाद्याची दारू अचानक तुटून त्याचे हात थरथरायला लागले किंवा भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या की. त्या वर्षी मात्र संध्याकाळीच फोन आला. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.)

चाळिशीतला ट्रॅक्टर ड्रायव्हर. चेहरा, मान, छाती लालबुंद. धाप लागलेली, उलट्या चालू, छातीत धडधड, बीपी पार खाली गेलेलं. हार्ट अटॅक असेल म्हणून ईसीजी काढून झाला होता; त्यात ठोके जलद, बाकी काही नाही. बरोबरचा मित्र शपथेवर सांगत होता, "म्याडम, एकच पेग झालाय. एरवी दोन क्वार्टर मारून ट्रॅक्टर चालवतोय ह्यो." शंका आली ती तिथेच. पट्टीच्या पिणाऱ्याची एका पेगात ही गत होत नाही.

बायकोला बाजूला घेतलं. "वहिनी, त्यांना कसली गोळी चालू आहे का?" आधी नाही म्हणाली. मग पर्समधून कात्रीनं कापलेली अर्धी पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. डायसल्फिराम, २५० मिलिग्रॅम. पट्टीला हळद लागलेली, कारण ती मिसळणाच्या डब्यात लपवलेली असायची. नणंदेच्या नवऱ्याची दारू याच गोळीवर सुटली होती, त्याच्या उरलेल्या गोळ्या हिनं मागून आणल्या. चमच्यानं चुरायची आणि रात्रीच्या आमटीत घालायची. चव कळू नये म्हणून चटणी जरा जास्त.

आपलं लिव्हर दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याची विल्हेवाट लावतं. ही गोळी ती दुसरी पायरी अडवते. पाटाचं दार बंद केल्यावर मागं पाणी तुंबावं तसं ते विषारी द्रव्य रक्तात साठत जातं, आणि माणूस असा लाल होऊन आडवा पडतो. औषधाचा इतिहासही गमतीचा आहे. हे रसायन रबराच्या कारखान्यांत वापरलं जायचं, आणि तिथल्या कामगारांना दारू सोसत नाही असं लक्षात आलं होतं. पुढे डेन्मार्कमधल्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी १९४८ मध्ये दारू सोडवण्यासाठी त्याचा उपयोग जगापुढे मांडला. उतारा म्हणावा असं औषध मात्र नाही. सलाइन, ऑक्सिजन, पाय उंच करून झोपवणं आणि लक्ष ठेवणं. मध्यरात्रीपर्यंत बीपी सावरलं.

"म्याडम, त्यास्नी सांगू नगा. जीव घेतील माझा." हे ती पुनःपुन्हा म्हणत होती. पण न सांगून चालण्यासारखं नव्हतं. शेवटच्या गोळीनंतरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हा घरी जाऊन परत बसला असता तर पुन्हा हेच, कदाचित याहून वाईट. शिवाय ज्याच्या पोटात औषध जातंय त्याला ते माहीत असायलाच हवं, याबाबत माझ्याकडे तडजोड नाही. तरी तिला दोष देणं मला जमलं नाही. पंढरपूरची माळ घालून झाली होती, ती दोनदा उतरली. देवाच्या शपथा झाल्या, गावच्या पंचांपुढे कबुली झाली. डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला मात्र तिला कुणी दिला नव्हता.

सकाळी तिच्या भावाला बोलावून घेतलं आणि त्याच्यादेखत पेशंटला सगळं सांगितलं. तो आधी म्हणाला, "मंजी काळीज ठीक हाय न्हवं?" मग अर्थ डोक्यात शिरला आणि आवाज चढला. "इख घालत होतीस व्हय मला?"

"इख तर तुमीच पिताय की रोज," ती म्हणाली. इतका वेळ रडणारी बाई ती हीच का, असं वाटावं असा आवाज होता.

भांडण बराच वेळ चाललं, आणि मी ते चालू दिलं. सिस्टर दोनदा डोकावून गेल्या.

हीच गोळी माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं, शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास जाऊ देऊन, लिव्हर तपासून दिली आणि घरच्यांसमोर रोज घेतली, तर चांगला आधार देते. मी ती खूप जणांना दिली आहे. याला मात्र ती नकोच होती, आणि लिव्हरचे रिपोर्टही बिघडलेले निघाले. नाल्ट्रेक्सोन पिण्यातली मजा कमी करतं, पण त्या लिव्हरला मी आधी तेही देणार नव्हते. किडनी ठीक होती म्हणून अ‍ॅकॅम्प्रोसेट ठरलं. त्यानं दारूची ओढ कमी होते आणि दारू घेतली तरी माणूस असा कोसळत नाही. त्रास एवढाच की ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा घ्यायच्या. दुपारच्या दोन बायको जेवणाच्या डब्यात द्यायला लागली, वेगळ्या कागदात बांधून, त्याला दाखवून.

पारावर चिडवणारे होतेच. "गोळीवर सोडलेली काय खरी सोडलेली व्हय?" यानं त्यांना गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं म्हणे.

दिवाळीत तो एकदा घसरला. दुसऱ्याच दिवशी ओपीडीत हजर, बायकोला न घेता. आता प्यालोच आहे तर गोळ्या बंद करू का, एवढंच विचारायला आला होता. बहुतेक जण नेमक्या इथेच औषध सोडतात. चालूच ठेवा म्हटलं, लिव्हरची तपासणी पुन्हा लिहून दिली आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख घातली.