कोयरीला चुंबक चिकटला

संक्रांत ते रथसप्तमी हा आमच्या धंद्याचा खरा हंगाम. राखी आणि दिवाळीला गिऱ्हाईक जास्त येतं, पण एकेक वस्तू नेतं. वाणाची ऑर्डर ठोकात येते. २१, ५१, कधी १०१ नग, आणि सगळे एकसारखे हवेत. २०२५ मध्ये रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती, म्हणजे संक्रांतीनंतर तीन आठवडे हातात होते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक येणार म्हणून त्याआधीच्या तिथ्या अलीकडे सरकलेल्या, रथसप्तमी २५ जानेवारीलाच. जेमतेम अकरा दिवस. त्यात १५ तारखेला महापालिकेचं मतदान. त्या दिवशी कुरिअरची पिकअपची गाडी आलीच नाही आणि भरलेले खोके जिन्यापर्यंत रचून ठेवावे लागले.

आमचं दुकान म्हणजे पुण्यात नऱ्ह्याला एक गाळा, दोन टेबलं, एक लेबल प्रिंटर आणि इंटरनेटवर एक पान. वाणाला सगळ्यात जास्त खपते ती कोयरी, म्हणजे हळदीकुंकवाची आंब्याच्या आकाराची डबी. मी, माझी जाऊबाई आणि पॅकिंगला येणाऱ्या मावशी, एवढाच स्टाफ.

१९ तारखेला, सोमवारी, सकाळी आठ वाजता फोन आला. चहा अजून गाळायचा होता.

"नाशिकहून बोलतेय. तुमच्या कोयऱ्यांना गंज आलाय हो."

माझं उत्तर पाठ होतं. आठवड्याला दोनदा तरी द्यावंच लागतं. "काकू, तो गंज नाही. जर्मन सिल्व्हर हवेने जरा काळपट पडतं. मऊ कापडाने पुसलंत की..."

"बाई, पंचेचाळीस वर्षं संसार केलाय मी. काळं पडणं वेगळं आणि गंजणं वेगळं. फोटो टाकते, बघा."

फोटो आला. पांढरा पंचा अंथरलेला आणि त्यावर ओळीने तांबूस-पिवळे डाग, प्रत्येक डाग कोयरीच्या आकाराचा. नवं भांडं धुतल्याशिवाय वापरायचं नाही या रीतीने काकूंनी रात्री एक्कावन्न कोयऱ्या धुऊन पंचावर पालथ्या घातल्या होत्या. सकाळी उचलल्या तर खाली ही रांगोळी.

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते, हे मला धंद्यात पडल्यावर कळलं. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. पांढरा रंग येतो निकेलमुळे. तांब्याच्या वाटेने जाणारा धातू असल्याने तो मळकट होईल, फार तर हिरवट डाग धरेल, पण तांबूस गंज धरणार नाही. तो लोखंडालाच येतो. हे सगळं मला माहीत होतं, तरी फोटो बघताना मनात पहिल्यांदा आलं काय, तर काकूंनी चिंच लावून घासल्या असतील. म्हणजे दोष गिऱ्हाइकाचा. ही सवय कधी लागली कोण जाणे.

गाळ्यावर पोचले तेव्हा मावशी आल्या होत्या. त्यांना फोटो दाखवला. त्यांनी काही न बोलता आमच्या छोट्या फ्रिजवरचा चुंबक काढला आणि समोरच्या खोक्यातल्या कोयरीला लावला. चिकटला.

"चिकटला हो," त्या म्हणाल्या. मी कोयरी घेतली. बिजागरीपाशी लावला होता. तिथली तार अस्सल मालातही पोलादी असते, तिथे चुंबक चिकटणारच. जरा जिवात जीव आला. मग पोटाला लावला. पडला. पुढची घेतली, पोटालाच लावला. घट्ट.

८ जानेवारीला आमच्या होलसेलरकडून चारशे नग आले होते, शंभराच्या चार पेट्या. नोव्हेंबरमध्ये त्याच्याकडूनच घेतलेला माल चोख निघाला होता. आल्या दिवशी प्रत्येक पेटी उघडून वरचे पाच-सहा नग आम्ही पाहिलेही होते. आता चारही पेट्या जमिनीवर ओतल्या आणि तिघी एकेक नग तपासायला बसलो. वरच्या थरांत अस्सल आणि खाली पॉलिश केलेलं लोखंड. आंब्याच्या पेटीत करतात अगदी तसं. शिल्लक २४६ नगांतले ९५ चांगले, १५१ लोखंडी.

पण चुंबकावर सगळा भरवसा ठेवता येत नाही. चिकटला तर लोखंड, हे ठीक. न चिकटला म्हणजे जर्मन सिल्व्हरच, असं मात्र नाही. पितळेवर निकेल चढवलं तरी चुंबक घसरूनच पडेल. म्हणून दोन्ही प्रकारची एकेक कोयरी घेऊन मी नाक्यावरच्या भांडीवाल्या काकांकडे गेले. जन्माने आणि धंद्याने दोन्हीकडून कासार. त्यांनी कानस काढली आणि कोयरीच्या तळाला दोनदा ओढली. लोखंडीवरचा चकचकाट कांद्याच्या पापुद्र्यासारखा गेला, खाली राखाडी. दुसरीवर कितीही खोल गेले तरी आत तोच पिवळसर पांढरा रंग.

"ही ठीक आहे," ते म्हणाले. "आणि ही कुठून उचललीत?"

मी नाव सांगितलं नाही. ते हसले आणि म्हणाले, तांबं असं महागल्यावर दुसरं काय होणार. खरंच त्या हिवाळ्यात तांब्याचे भाव विक्रमी चढले होते. चांदी तर २०२५ च्या वर्षभरात दुपटीहून वर गेली. चांदी परवडत नाही म्हणून बायका जर्मन सिल्व्हरकडे वळल्या, मागणी वाढली, आणि ते ज्यापासून बनतं तेही महाग. मधल्या माणसाने वाट काढली ती अशी.

परत येताना एक गोष्ट डोक्यात घोळत होती. वजन. लेबल काढताना प्रत्येक खोका आम्ही काट्यावर ठेवतो, मग हा फरक कळला कसा नाही? आल्या आल्या दोन्ही कोयऱ्या काट्यावर ठेवल्या. चांगली ९५ ग्रॅम, लोखंडी ७८. पत्राही पातळ मारला होता. जवळजवळ दीड तोळ्याचा फरक, एक्कावन्न नगांच्या खोक्यात पाऊण किलोहून जास्त. जुन्या मालाचा खोका सहा किलो तीनशेच्या पुढे भरायचा, नवा साडेपाच.

पण कुरिअरवाले नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, ५००० ने भागायचं, आणि काट्यावरचं वजन व हे आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे. आमचा खोका ४५ बाय ३० बाय २५. म्हणजे पावणेसात किलो, बिलात सात. आत चोख माल असो की खोटा, बिल सातचंच. आम्ही बिल बघत होतो. काट्यावरचा आकडा मशीनमध्ये भरायचा म्हणून भरत होतो. कुरिअरचं ऑनलाइन पॅनेल उघडून मागच्या नोंदी पाहिल्या तर सगळं तिथेच होतं: डिसेंबरमध्ये ६.३६, १० जानेवारीला ५.५२. मीच टाईप केलेले आकडे.

त्या पेट्यांतून चार ऑर्डरी गेल्या होत्या. नाशिक ५१, कोल्हापूर ५१, सोलापूर ३१, बंगळूर २१. सोलापूरचं पार्सल अजून हबमध्ये होतं, ते पॅनेलवरून परत फिरवलं. जायचं-यायचं भाडं आमच्या बोडक्यावर. कोल्हापूरचं मात्र सकाळीच 'आउट फॉर डिलिव्हरी' झालं होतं. एकदा डिलिव्हरीवाल्या मुलाच्या पिशवीत गेलं की आपल्या हातात काही राहत नाही.

कोल्हापूरच्या ताईंना फोन केला. त्यांच्याकडे हळदीकुंकू दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी. सगळं सांगितलं.

"आलंय पार्सल. छान दिसतायत की," त्या म्हणाल्या.

"ताई, छान दिसतायत, पण लोखंड आहे. पाणी लागलं की गंजतील. पूर्ण पैसे परत करते, तुम्ही..."

"आता उद्या मी काय वाटू? साखर? राहू द्या तशाच. कोण घासून बघायला बसलंय. अर्धे पैसे द्या परत."

मी पूर्ण पैसे परत केले आणि ओलं लावू नका एवढं लिहून पाठवलं. याहून वेगळं काय करायला हवं होतं, अजून ठरत नाही. कोल्हापुरातल्या एक्कावन्न देवघरांत ती कोयरी असेल, ओलं कुंकू लागून आतून तांबूस होत असेल, आणि बाई म्हणत असेल की त्यांच्याकडचं वाण असलंच.

दुपारी होलसेलरला व्हिडिओ पाठवला, चुंबकासकट. तासाभराने त्याचा फोन. "दीदी, सीझन में कारीगर लोग मिक्स कर देते हैं. अगले लॉट में अॅडजस्ट कर लेंगे." वरती अस्सल आणि खाली लोखंड असं कारागीर चुकून कसं रचतो, हे विचारलं तेव्हा रेंज गेली.

मग नाशिकला फोन. हाच सगळ्यात अवघड होता, कारण सकाळी मी त्यांनाच भांडी पुसायला शिकवत होते.

"काकू, तुमचं बरोबर होतं. लोखंड आहे."

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या, "मुलगा म्हणत होता १९१५ वर तक्रार कर. मी म्हटलं, आधी बाईला विचारू."

१९१५ म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात ती निकाली काढावी लागते. आमच्या पानावर तक्रार अधिकारी म्हणून जाऊबाईंचं नाव आहे. त्या तेव्हा शेजारी बसून खोक्याला टेप मारत होत्या.

"तुमच्याकडे शुक्रवारी आहे ना? आज संध्याकाळी दुसऱ्या एक्कावन्न पाठवते, एकेक तपासून. बुधवारी पोचतील. त्या खराब परत न्यायला माणूस येईल."

"ते कराल हो. पण मी तुमचं पान परत उघडून बघितलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय 'सिल्व्हर कोयरी'. खाली बारीक अक्षरात जर्मन सिल्व्हर. आणि घरात आलं लोखंड. शेवटची पायरी त्या व्यापाऱ्याची असेल. पहिली कोणाची?"

पहिली माझीच. लोक शोधताना 'सिल्व्हर' टाकतात म्हणून मीच ते नाव दिलं होतं. सगळे देतात. १६५ रुपयांत चांदीची कोयरी येत नाही हे कोणालाही कळतं, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती.

पाचच्या पिकअपला नाशिकचा खोका गेला. भरताना मावशींनी एक्कावन्नही नगांना पुन्हा चुंबक लावला, प्रत्येक वेळी पोटाला, आणि मोठ्याने आकडा म्हटला. या वेळी काट्यावर ६.३५ आले तेव्हा तिघींनी मिळून वाचले.

बंगळूरच्या बाई दिवसभर फोन उचलत नव्हत्या. रात्री नऊला त्यांचा मेसेज आला: तुमचा निरोप वाचला, लेकाच्या खेळण्यातला चुंबक लावून पाहिला, एकालाही चिकटत नाही, मग परत का मागताय? त्यांना नेमका वरचा थर गेला होता.

झोपायच्या आधी पानावरचं नाव बदललं. 'जर्मन सिल्व्हर कोयरी. यात चांदी नाही. तांबं, निकेल, जस्त.' वजनही टाकलं, ९५ ग्रॅम. जाऊबाई म्हणाल्या, आता शोधणाऱ्याला आपण सापडणार कसे? रथसप्तमीपर्यंतच्या पाच दिवसांत त्या कोयरीच्या दोनच ऑर्डरी आल्या.

नाशिकचा परतीचा खोका महिनाअखेरीला आला. कोयऱ्या कोरड्या पुसून वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलेल्या. मावशींनी मोजल्या तर पन्नास भरल्या. तळाशी कॅलेंडरच्या पानाच्या मागे पेनाने लिहिलेली चिठ्ठी होती:

"एक ठेवून घेतली आहे. पुढच्या वर्षी भांडी घ्यायला जाताना सोबत नेईन."

खाली हळदीचं बोट लागलेलं होतं.