घण कुठे पडतो ते ऐका

अमेरिकी गायक जॉनी कॅशचा ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ (१९६३) हा कष्टकरी माणसावरचा अल्बम. नऊ गाणी, आणि त्यांत घण मारणारा, इंजिन ड्रायव्हर, बेड्या घातलेले कैदी, कापूसवाला शेतकरी, तेलविहिरीवरचा मजूर असे सगळे येतात. पण सगळ्या गाण्यांचा विषय एक ठेवला म्हणून अल्बम जमत नाही. अशा गाण्यांना एक साधी कसोटी लावून बघावी: शब्द बाजूला ठेवले तरी अवजार ऐकू येतं का?

सुरुवातीचंच ‘द लेजंड ऑफ जॉन हेन्रीज हॅमर’ घ्या. आठ मिनिटांच्या वर जातं. एलपीच्या (म्हणजे दोन्ही बाजूंना बरीच गाणी मावणाऱ्या मोठ्या तबकडीच्या) पहिल्या बाजूला त्याच्यासकट चारच गाणी आहेत, दुसरीला पाच. वाफेच्या यंत्राशी पैज लावून जिंकणारा आणि तिथंच कोसळणारा लोककथेतला जॉन हेन्री बहुतेक वेळा वेस्ट व्हर्जिनियातल्या बिग बेंड बोगद्याशी जोडला जातो. हा रेल्वेचा बोगदा, काम १८७० ते १८७२ च्या सुमाराचं.

तिथलं काम असं. सुरुंगाची दारू भरायला खडकात भोकं पाडायची. एक जण पोलादी पहार धरणार, त्याला ‘शेकर’ म्हणत, आणि दुसरा तिच्या डोक्यावर घण घालणार. दर घावानंतर शेकरनं पहार जराशी फिरवायची. नाही फिरवली तर टोक एकाच खाचेत रुततं आणि दगडाचा भुगा भोकात दाटतो. फिरवायला उशीर झाला तर घण हातावर. म्हणून तिथं गाणं लागतं. ओळ संपली की घाव, घावानंतरच्या श्वासात पहार फिरते. लय चुकली तर बोटं जातात. कॅशच्या रेकॉर्डिंगमध्ये लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आहे. तो सजावट म्हणून ऐकू नका, गाण्याचा सांगाडाच तो आहे.

याच अल्बमवरचं ‘नाइन पाउंड हॅमर’ पुष्कळ जण सुसाट वाजवतात. नऊ पौंड म्हणजे चार किलोंच्या आसपास. एवढा घण त्या वेगानं दहा मिनिटं फिरवून दाखवावा कुणीतरी! गिटारवाल्याची बोटं दिसतात, मजूर गायब होतो.

हे गाणं त्याआधी गायक-गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसच्या १९४७ च्या ‘फोक साँग्ज ऑफ द हिल्स’मध्ये होतं. एलपी १९४८ ला आली, त्यामुळे तेव्हा अल्बम म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांचा खरोखरीचा संच. गाण्यांआधी ट्रॅव्हिस दोन शब्द बोलतो, आणि एकेक तबकडी बदलत ऐकायच्या काळात संचाला बांधून ठेवणारा धागा तोच. खाणमजुरावरचं ‘सिक्स्टीन टन्स’ही त्यातलंच. अमेरिकी टन २,००० पौंडांचा, म्हणजे सोळा टन म्हणजे साधारण साडेचौदा हजार किलो कोळसा, फावड्यानं भरलेला. मजुरी दिवसावर नाही, भरलेल्या वजनावर. तीही अनेक खाणींत कंपनीच्याच टोकनांत, जी कंपनीच्याच दुकानात चालायची. १९५५ ला गायक टेनेसी अर्नी फोर्डनं ते चुटक्या वाजवत गायलं आणि ते तुफान चाललं. आवाज लाजवाब, पण चुटकी वाजवणाऱ्याचा हात रिकामा असतो. फावडं गेलं ते गेलंच.

कॅशची जुनी युक्ती घरी करून बघण्यासारखी आहे. कागदाची घडी गिटारच्या तारांमधून ओवायची, एका तारेच्या वरून, दुसरीच्या खालून. तारा अर्धवट दबतात आणि स्ट्रोकला ड्रमसारखा कोरडा खरखराट येतो. सैल कागद नुसता फडफडतो, फार घट्ट बसवला तर सूर मरतो. ‘आय वॉक द लाइन’ या गाण्यात त्यानं हेच केलं होतं.

कॅशच्या याच अल्बमवरच्या ‘बस्टेड’ (म्हणजे कफल्लक) या गाण्यात मात्र अवजार ऐकूच येत नाही, आणि तेच बरोबर आहे. कापूस पौंडाला पंचवीस सेंटवर आलाय, गाय आटलीय, कोंबडी अंडी देत नाही, बिलं साठतायत. ठोकायला काही उरलेलंच नाही.

खटकतं ते एवढंच, की या अल्बममध्ये राबणारी बाई नाही आणि कारखाना-कचेरीही नाही. ती जागा गायिका डॉली पार्टनच्या १९८० च्या ‘नाइन टू फाइव्ह अँड ऑड जॉब्ज’ या अल्बमनं बरीचशी भरली. त्यात ट्रॅव्हिसचं खाणीवरचं ‘डार्क अ‍ॅज अ डंजन’ आहेच, पण शीर्षकगीत कान देऊन ऐका. टाइपरायटरसारखी जी टकटक येते, ती डॉलीनं आपली कृत्रिम नखं एकमेकांवर घासून काढली आहे. तबकडीवरच्या श्रेयनामावलीत नखांचाही उल्लेख आहे, तिच्या नावासकट.